तुम्ही विचारलंत म्हणून: चेंबरचा नट मी का उघडत नाही

"डाक्टर, ऑइल वरतून काहून वढता? खाली नट हाय ना?"

पंपावरचा पोरगा विचारतो, शेजारचे भाऊ विचारतात. जावई दर दिवाळीला विचारतात आणि उत्तर यायच्या आधीच हसतात. (मी डॉक्टर नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काढली, पदवी गावाने दिली.) चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, जुनं ऑइल काढायचा नट तिच्या बुडाला असतो. तो न उघडता माझी रीत अशी: इंजिन थोडं गरम करायचं, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढायची, तिच्या जागी बारीक नळी सोडायची आणि शंभर मिलीच्या सिरिंजने ऑइल ओढत बसायचं. तीन लिटरला तीस वेळा. बायको म्हणते, रिटायर झाले तरी यांचं इंजेक्शन सुटलं नाही.

आजवर सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "आटे गेलेत." ते अर्धंच खरं आहे. आटे गेले होते. आता तिथे चांगले आटे आहेत, तरी मी पाना लावत नाही.

माझ्या गाडीचं चेंबर अॅल्युमिनियमचं, नट पोलादी, 14 मिलिमीटरचा. ऑइल अडवायचं काम आट्यांचं नसतं, नटाखालच्या वायसरचं असतं. ते दर वेळी नवं टाकायचं. पण नटाला घाम सुटलेला दिसला की मी पाना घेऊन गाडीखाली शिरायचो आणि अजून पाव फेरी कसायचो. असं तीनेक वर्षं. वायसरचं मला माहीत नव्हतं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. माहीत होतं. वीस रुपयांच्या वायसरसाठी वणीला कोण जातो, असा तेव्हाचा हिशोब.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. बाजाराचा दिवस, गॅरेजवर गर्दी, पत्र्याखाली भट्टी. मिस्त्री दुसऱ्या गाडीत गुंतलेला, म्हणून माझी गाडी त्याच्या पोऱ्याने घेतली. सतरा-अठराचा असेल. जुनं ऑइल काढलं, नट परत लावला. पान्याला तीन फुटी पाइप घातला आणि जोर दिला. मी बाजूलाच उभा होतो, चहा पीत. पाइप दिसत होता. काही बोललो नाही, उलट बरं वाटलं, की आता तरी घाम सुटणार नाही. अशा नटाला 35 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साधारण बारा किलो. हात तोच ठेवून पान्याची लांबी तिप्पट केली की जोरही तिप्पट.

"साहेब, नट फिरूनच राह्यला."

त्याने नट बाहेर काढला. नटाच्या खाचांत चांदीसारखी तार गुंडाळलेली होती, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी. तो ती नखाने सोडवत होता, आणि ती अख्खीच्या अख्खी निघाली. चेंबरचे आटे होते ते.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. "पाइप घालून कसाले तुले कोनं सांगतलं बे?" एवढं आठवतं, आणि बाजारात आलेले दहा-बारा जण बघत होते हेही. मिस्त्रीने त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. मी अडवलं नाही. पोऱ्या काहीच बोलला नाही, तार हातातच धरून उभा होता.

मिस्त्रीने नटाला प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली, कसाबसा बसवला, म्हणाला, घरापर्यंत जाईल. टेपला काय धरायला होतं तिथे? तरी मी निघालो. करंजीच्या रस्त्याला लागलो तेव्हा एक मोटरसायकलवाला आडवा हात करत ओरडला, "ऑइल सांडून राह्यलं!" डॅशबोर्डवरचा लाल दिवा तोवर लागलाही नव्हता. इंजिन वाचलं ते त्या माणसामुळे. मागे वळून पाहिलं तर डांबरावर काळी ओली रेघ.

ट्रॅक्टरने ओढून गाडी वणीला नेली. लेथवाल्याने साडेचौदाचा ड्रिल मारला आणि 16 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातला. चुरा आत पडू नये म्हणून टॅपच्या खाचांत ग्रीस भरलेलं. नंतर वरून डिझेल ओतून धुतलं, 16 चा नट लेथवर काढून दिला, खाली तांब्याचं वायसर. सहा वर्षांत थेंब नाही.

मग उघडत का नाही? हेलिकॉइल बसवा म्हणतात. बरोबर आहे, स्टीलच्या गुंडाळीचे आटे मूळ अॅल्युमिनियमपेक्षा पक्के. नवं चेंबर टाका म्हणतात. तेही बरोबर, फक्त माझ्या गाडीत त्यासाठी खालचा क्रॉसमेंबर, म्हणजे सांगाड्याचा आडवा दांडा, सोडावा लागतो. सिरिंज तळाचा गाळ ओढत नाही, तेही कळतं मला. एकतीस वर्षं जनावरांच्या जखमा धुतल्या, तळाशी राहिलेली घाण काय करते ते मला शिकवू नका.

त्या तीन फुटी पाइपानेच आटे गेले, असं मी बरीच वर्षं मानलं. अजूनही कधी कधी मानतो. पण पाव फेऱ्या मोजायला बसलो की आकडा जमत नाही. अॅल्युमिनियम एका झटक्यात तुटलं असतं तर तार इतकी सलग निघाली असती का? लेथवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, दोन्ही असू शकते. म्हणजे काय समजायचं?

गेल्या महिन्यात तो पोऱ्या घरी आला होता, त्याची म्हैस चारा खाईना म्हणून. आता हायवेला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मी अंगणात ऑइल ओढत बसलो होतो.

"काका, वरतून काहून वढता?"

"आटे गेलेत," मी म्हणालो.

"हौ." थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिला. त्याला आठवत होतं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. "माह्याकडे आना एखाद दिवशी. हेलिकॉइल बसवून देतो."

मी बघू म्हणालो. नळी वर येत होती, ती त्याने धरून ठेवली. एकवीस सिरिंजा झाल्या होत्या, नऊ बाकी होत्या.