रोजमेळ, खतावणी आणि १९१८चं भादली स्टेशन

काळप्रवासावर कादंबरी लिहू राहिलेय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, मशीन कसं आहे मग? माझ्या कादंबरीत मशीन नाहीये. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करणारी एक मुलगी आहे, ती नाइट ड्युटीला निघते आणि १९१८च्या एप्रिलमध्ये जाऊन पोचते, बस. कशी पोचली ते एका पानात उरकलंय आणि ते ठरवूनच. आपल्याकडे रेवतीची गोष्ट आहे बघा, रैवत राजा मुलीला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, हिला कुठला वर द्यावा म्हणून विचारायला, तिथे गाणं चालू होतं म्हणून थोडा वेळ थांबला, आणि तेवढ्यात इकडे पृथ्वीवर युगं उलटून गेली. तो वर कसा गेला हे लहानपणी कोणी विचारलं का? आपल्या लक्षात राहतं ते हे की त्याने मनात जी जी स्थळं धरली होती त्यांतलं कुणीच जिवंत नव्हतं, त्यांची नातवंडं-पतवंडंही नव्हती. मला कादंबरीत तेच पाहिजे. पोचल्यानंतरचं.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते म्हणून लिहितेय. अशा बऱ्याच कथांमध्ये जुन्या काळातली माणसं फक्त थक्क व्हायला ठेवलेली असतात, आजचा माणूस येतो, मोबाइल काढतो, सगळे तोंडात बोट घालतात. अहो पण त्यांना काय माहीत की ते जुन्या काळात आहेत! त्यांच्यासाठी तो आजचाच दिवस होता ना, उन्हाचा, कापसाच्या भावाचा, पोरीच्या लग्नाचा. त्यांची हुशारी, त्यांचे धंदे, त्यांचा संशय सगळं पूर्ण होतं. ते जर पानावर आलं नाही तर काळप्रवास लिहून उपयोग काय.

मी शाळेत शिकवते त्यामुळे लिहायला पहाटच. मे महिन्यात भुसावळला दुपारी लिहिणं होतच नाही, ४५-४६ डिग्रीत कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, म्हणून साडेचारला उठायचं आणि सूर्य वर यायच्या आत जेवढं होईल तेवढं. बाकी दिवसभर डोक्यात चालू असतं ते वेगळं.

आता खरं काम सांगते. या प्रकारच्या कादंबरीत सगळ्यात अवघड काय असेल तर हिशोब. कुणाला काय माहीत आहे आणि कधीपासून. साधी कादंबरी सोमवारनंतर मंगळवार अशी चालते, इथे मुलगी एप्रिलमधून १९१८चा मे बघते, मग मार्चमध्ये जाते, मग परत मेमध्ये, म्हणजे एखाद्या बाईला ती पहिल्यांदा भेटते तेव्हा त्या बाईने हिला आधीच पाहिलेलं असतं. कॉम्प्युटरवर तक्ते करून बघितले पण ते डोळ्यांत भरत नव्हते. मग आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मार्ग दाखवला. नानांची सावद्याला धान्याची आडत होती, आयुष्यभर लाल कापडाच्या बांधणीच्या लांब चोपड्यांमध्ये त्यांनी हिशोब लिहिला. ते म्हणाले, अगं एवढंच ना, रोजमेळ लिही आणि खतावणी कर. रोजमेळात तारीखवार सगळं, ज्या दिवशी जे झालं ते त्या दिवसाखाली. खतावणीत माणूसवार, एकेका माणसाचं एक खातं, नोंदी त्याच पण त्या माणसाच्या बाजूने. आता माझ्या टेबलावर तशाच दोन चोपड्या आहेत. रोजमेळात १९१८चा कॅलेंडर जसा आहे तसा, आणि खतावणीत मुलीचं पान आहे तिथे तिच्या स्वतःच्या आयुष्याच्या क्रमाने, तिची झोप, तिची भूक, तिच्या पायाची जखम किती भरत आली हे सगळं. आणि जमा-नावे पण नानांच्याच पद्धतीने, ज्याने बातमी दिली त्याच्या खाती जमा, ज्याला दिली त्याच्या नावे. प्रकरण झालं की मी नानांना वाचून दाखवते, ते काळप्रवास वगैरे काही धरत नाहीत, फक्त ऐकतात आणि म्हणतात, सूनबाई, या बाईला हे कोणी सांगितलं? हिच्या नावे कुठे पडलंय? मग मी पानं उलटते आणि मेळ लागेपर्यंत दोघं बसतो. यापेक्षा चांगला संपादक मला मिळाला नसता.

दुसरं म्हणजे नियम. भूतकाळात जाऊन काही बदलता येतं का? हे एकदा ठरवायचं आणि मग काहीही झालं तरी मोडायचं नाही. पुढच्या काळात जायला विज्ञानाची हरकत नाहीच, वेगात असलेलं घड्याळ हळू चालतं, १९७१ साली विमानांत अणुघड्याळं ठेवून ते मोजूनही झालंय. भानगड आहे ती मागे जायची. १९४९मध्ये कुर्ट ग्योडेलने आइन्स्टाइनच्या समीकरणांमधून असं एक फिरणारं विश्व काढून दाखवलं की ज्यात फिरत फिरत आपल्याच भूतकाळात येता येतं, आपलं विश्व तसं नाही ते सोडा, पण गणित नाही म्हणत नाही एवढं कळलं. आणि मग रशियाच्या इगोर नोविकोव्हने मांडलं की समजा गेलातच मागे, तर तिथे तुम्ही जे कराल ते आधीच इतिहासात धरलेलं असेल, त्याच्या विरुद्ध काही घडणारच नाही. मी हाच नियम घेतलाय. बदल करून नवी जगं फुटत जातात तशा कथा मला वाचायला आवडतात पण लिहायला नको वाटतात, कारण तिथे एखादं माणूस गेलं तरी दुसऱ्या जगात ते असतंच आणि मग दुःखाचं वजन कमी होतं.

घड्याळाचं सांगायचं राहिलं, आणि यावर मी खूप वेळ घालवलाय, त्याचा मला आनंदच आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६पासूनची. त्याआधी रेल्वे चालायची मद्रास टाइमवर. भुसावळचा सूर्य त्या मद्रासच्या घड्याळापेक्षा साधारण १८ मिनिटं मागे, आणि आजच्या घड्याळापेक्षा २७ मिनिटं मागे, म्हणून मे महिन्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो बाराला नाही तर साडेबाराच्या जरा आधी. योगायोग बघा, त्याच १९०६ साली आपल्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, वेळ एक झाली आणि जिल्हा दुभंगला, एकाच वर्षात. आणि मुंबईने तर स्वतःची मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे ठेवली, ती १९५५पर्यंत! माझी मुलगी १९१८मध्ये भुसावळ स्टेशनवर उतरते तेव्हा तिचं मनगटी घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळतं आणि तिला धीर येतो, पण पुढे ती मुंबईला जाते तिथे शहरातली घड्याळं तिच्या घड्याळाशी जुळतच नाहीत आणि ती घाबरते की आपण परत सरकलो की काय. हा प्रसंग मला इतिहासाने आयता दिला, मी फक्त उचलला.

पैशांचं पण तसंच. १९१८मध्ये खिशातल्या पाचशेच्या नोटेला कोण विचारतंय, एक रुपयाची नोटसुद्धा तेव्हा नवीनच होती, नोव्हेंबर १९१७मध्ये निघालेली. मग ही बोटातली अंगठी विकायला जळगावला सराफाकडे जाते. पाच ग्रॅमची अंगठी. सराफ काट्यावर टाकतो, त्यांच्या जुन्या वजनांत पाच मासे आणि वर गुंजभर. आतल्या बाजूला आजचा हॉलमार्क आहे, त्रिकोण, २२के९१६, आणि तो सहा अक्षरांचा लेझरने कोरलेला नंबर. पहिल्या खर्ड्यात सराफ ते बघून चकित होतो असं लिहायचा मोह कुणालाही होईल. माझा सराफ भिंग लावतो, बघतो, विचारतो हे काय कोरलंय, ती काहीतरी सांगते, तो मान हलवतो आणि अंगठी कसाच्या दगडावर घासतो. रेघ बघतो. मग भाव सांगतो, तोही थोडा पाडूनच, कारण एकटी बाई, सोबत कुणी नाही, आणि घाई तिच्या तोंडावर दिसतेय. त्याला शिक्क्याशी देणंघेणंच नाही, त्याचा त्याच्या दगडावर विश्वास आहे, आणि दगड बरोबर सांगतोय. हे पान लिहून झालं तेव्हा मला वाटलं, हां, आता मी १९१८मध्ये पोचली.

आता बालकवी. जळगाव जिल्ह्यात राहून १९१८ लिहायचं आणि बालकवी येणार नाहीत असं होऊच शकत नाही. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, १९०७ला जळगावच्या कविसंमेलनात त्यांना बालकवी म्हणून गौरवलं तेव्हा वय किती, सोळा-सतरा. आणि ५ मे १९१८, रविवार, जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनजवळ रुळावर गाडीखाली सापडून गेले. वय २७. मी अपडाउन करते तेव्हा गाडी भादलीवरून जाते आणि मी दर वेळेस खिडकीतून बघते. माझी नणंद मला म्हणाली, वहिनी, तुझी ती मुलगी तिथेच आहे ना, सिग्नलचीच आहे ना, मग वाचव ना त्यांना, तुझ्या हातात आहे. खरंच हातात आहे. कागदावर एक ओळ लिहायची. कितीतरी कविता अजून झाल्या असत्या, आज आपण त्यांच्या साठीतल्या, सत्तरीतल्या कविता वाचल्या असत्या.

पण मी नाही वाचवणार. कारण मग जे खरंच गेले त्या माणसाची मी कादंबरीसाठी सोय करून घेतली असं होईल, आणि ज्या घरात ती बातमी गेली त्या घराचं काय? त्यांच्यासाठी कुणी लाल झेंडा घेऊन आलं नव्हतं. माझी मुलगी त्या दिवशी भादलीला जाते, उन्हात चालत जाते, रुळाच्या कडेने, हतनूरचं धरण नाही, केळीचा आजचा पसारा नाही, दोन्ही बाजूला उन्हाळ्यातलं रिकामं शेत आणि मागच्या कापसाच्या वाळक्या पळाट्या. तिथे काय होतं ते मी इथे सांगत नाही. एवढंच सांगते की बालकवींच्या तोंडी मी एकही वाक्य घातलेलं नाही. ते लांबून दिसतात, पाठमोरे. त्यांचे शब्द त्यांनी लिहून ठेवलेत, त्यात माझे घालायचा मला हक्क नाही असं मला वाटतं.

सध्या अडली आहे ती त्याच्या पुढे. जून १९१८मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याने आख्ख्या इलाख्यात कहर केला. मुलगी ज्या घरी राहते तिथल्या म्हातारीला सून आहे, सून गरोदर आहे, आणि मुलीला पुढचं सगळं ठाऊक आहे. नियमाप्रमाणे ती बदलू काहीच शकत नाही. पण बोलू शकते ना? आणि कुणास ठाऊक, कदाचित त्या घरात जे वाचले ते तिच्या बोलण्यानेच वाचले असतील, तेही इतिहासात आधीच धरलेलं असेल. नाना म्हणाले, बोलू दे तिला, पण कधी बोलली ती तारीख टाक आणि म्हातारीच्या नावे लिही, तिच्या खात्यात ते पुढे दिसलं पाहिजे. म्हातारी विश्वास ठेवणार नाही लगेच, तिने प्लेग बघितलाय, घर सोडून शेतात झोपडी घालून राहिलीय, तिला साथ म्हणजे काय हे या मुलीने शिकवायची गरज नाही, उलट तीच दोन गोष्टी हिला सांगेल. तो संवाद लिहायचाय. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत मला ऑक्टोबर १९१८पर्यंत पोचायचंय.