ॲक्टिव्ह स्पीकर लावताना: वीज आधी, आवाज नंतर

आमच्या नाटकाच्या ग्रुपने भाड्याचा साउंड बंद करून स्वतःचे स्पीकर घेतले आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. बारा इंची दोन टॉप (स्टँडवरचे मुख्य स्पीकर), अठरा इंची एक सब (फक्त खालच्या, जाड सुरांचा बॉक्स), तिन्ही सेल्फ-पॉवर्ड, म्हणजेच ॲक्टिव्ह. म्हणजे ॲम्प्लिफायर बॉक्सच्या आतच. पूर्वी एक जड रॅक असायची, तिच्यातून स्पीकरला जाड वायर जायची आणि कुठल्या ॲम्पवर किती ओहमचे किती बॉक्स टाकायचे हा हिशोब फक्त साउंडवाल्या दादाला कळायचा. आता तो हिशोब कंपनीनेच आत बसवून दिलाय. वूफरला (जाड सुरांचा भोंगा) वेगळा ॲम्प, हॉर्नला (बारीक सुरांचा) वेगळा, दोघांचं काम वाटून देणारा क्रॉसओव्हर आणि अति झालं की आवरणारा लिमिटर.

ओहमची कटकट गेली, पण तिच्या जागी दुसरी आली. पॅसिव्ह, म्हणजे बाहेरच्या ॲम्पवर चालणाऱ्या बॉक्सला एक वायर लागायची, ॲक्टिव्हला दोन लागतात: सिग्नलची आणि मेनची. भिंतीतली वीज पूर्वी रॅकपाशी थांबायची. आता ती स्टेजच्या दोन्ही टोकांना, स्टँडवर, माणसांच्या डोक्यावर जाते. त्यामुळे हे स्पीकर लावण्याचं निम्मं काम विजेचं आहे असं माझं मत झालंय. आवाजाकडे त्यानंतर वळायचं.

हॉलवर पोचल्यावर आधी सॉकेट तपासले. मल्टीमीटर चांगला हवा, मेनच्या व्होल्टेजला चालणारा. मीटर धरायची सवय नसेल तर हे काम सरळ इलेक्ट्रिशियनला सांगावं. तीन रीडिंग घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत आणि तिसरं व्होल्ट-दोन व्होल्टच्या आसपास. उजवीकडचा सॉकेट व्यवस्थित होता. डावीकडच्यात फेज-अर्थ शंभरच्या खाली-वर डुलत होतं. सॉकेटला भोकं तीन, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नाही. हॉलचे इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "अहो, पंखा चालतो की त्याच्यावर रोज." पंखा चालेल. पंख्याला ओठ लावून कोणी गात नाही.

मग उजवीकडच्या बोर्डावरून एकच लाइन घेतली आणि मिक्सर, दोन्ही टॉप आणि सब त्याच लाइनवर टाकले. आधी सगळ्यांच्या मागे लिहिलेले अँपिअर मिळवून बघितले, बोर्डाच्या क्षमतेत बसत होते. एका लाइनचा फायदा असा की सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी मिळतं, त्याचं महत्त्व पुढे कळेल. लाइटच्या डिमरवरून स्पीकरला वीज कधीच घ्यायची नाही. एक्सटेन्शन तीन कोअरची, निदान दीड स्क्वेअर मिलिमीटरची, आणि ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेढे वितळू शकतात. बोर्डावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला ट्रिप होणारं संरक्षण आहे का, तेही तेव्हाच बघून घेतलं.

स्पीकरच्या मागची पट्टी एकदा शांतपणे वाचावी. काही बॉक्स १०० ते २४० व्होल्ट आपोआप घेतात, काहींना ११५/२३० चा छोटा स्विच असतो, आणि तो चुकीच्या बाजूला असेल तर पुढचं काही वाचायची गरज उरत नाही. आमच्या बॉक्सना फिरवून लॉक होणारा निळा पॉवरकॉन (विजेचा कनेक्टर) आहे. हा जुना प्रकार चालू लोडवर काढण्यासाठी बनवलेलाच नाही. आधी बोर्डावरचा स्विच बंद, मग कनेक्टर. चालू असताना काढता-घालता येणारा ट्रू-वन नावाचा प्रकार वेगळा. दिसायला दोघं चुलतभाऊ, पण एकमेकांत बसत नाहीत.

सिग्नलची केबल एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची. पिन १ वर शील्ड (वायरीभोवतीचं जाळीचं आवरण), २ वर हॉट, ३ वर कोल्ड. हॉट आणि कोल्डवर सिग्नल एकमेकांच्या उलटा जातो आणि वाटेत शिरलेली घरघर मात्र दोन्हींवर सारखीच बसते. स्पीकर दोघांतला फरक घेतो, त्यामुळे घरघर आपसूक वजा होते. म्हणून स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब केबल टाकली तरी बिघडत नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकाला ही सोय नाही, आणि आमची घरघर तिथूनच आली.

आवाज असा: मंद, जाडसर "हंऽऽ", ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतला. अशा वेळी अंदाज बांधत बसू नये, एकेक वायर काढत जावं. स्पीकरची एक्सएलआर काढली तर फक्त बारीक 'सस्स' राहिली. म्हणजे स्पीकर निर्दोष. एक्सएलआर परत लावली, मिक्सरचे सगळे चॅनल म्यूट केले, तरी शांत. म्हणजे मिक्सरही निर्दोष. लॅपटॉपचा चॅनल उघडला आणि "हंऽऽ" हजर. लॅपटॉपचा चार्जर उपसला, गायब. पुन्हा लावला, पुन्हा हजर. लॅपटॉप कोणीतरी डावीकडच्या भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या वेगळ्याच सॉकेटवर लावून ठेवला होता. मिक्सरचं अर्थिंग एका वाटेने, लॅपटॉपचं दुसऱ्या वाटेने, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबलची शील्ड. दोन वाटांमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला की शील्डमधून करंट वाहतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो.

एवढ्यात आमच्यातला एक जण म्हणालाच, "अरे, प्लगची जाडी पिन काढून टाक, लगेच बंद होतं." बंद होतं, खोटं नाही. पण मग बॉक्सच्या आत एखादी फेजची वायर निसटून धातूला टेकली तर तो करंट जायला वाट राहत नाही. बॉक्सचा पत्रा जिवंत होतो, एक्सएलआरच्या शील्डवरून मिक्सर जिवंत होतो आणि मिक्सरवरून माइकची धातूची जाळी. एका हातात माइक आणि दुसरा हात लोखंडी पायऱ्यांच्या कठड्यावर ठेवलेला गायक हीच मग अर्थिंगची वायर. अर्थची पिन काढायची नाही, तिच्यावर टेप लावायची नाही. या बाबतीत मी कोणाशी वाद घालत बसत नाही, सरळ प्लग हातात घेतो.

लॅपटॉप आमच्या बोर्डावर आणला तेव्हा घरघर बरीच उतरली. उरलेली डीआय बॉक्सने, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायच्या छोट्या डबीने घालवली. त्यातला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने तोडतो, सिग्नल तेवढा पुढे जाऊ देतो. त्यावरचा ग्राउंड-लिफ्टचा स्विच फक्त ऑडिओ केबलची शील्ड तोडतो. भिंतीतल्या अर्थिंगला तो हात लावत नाही, म्हणून तो वापरायला हरकत नाही.

स्टँडचं थोडक्यात सांगतो. नेहमीचा पोल ३५ मिलिमीटरचा असतो, बॉक्सच्या बुडाचा कपही तेवढ्याच मापाचा. पाय पूर्ण फाकवायचे, एक पाय बॉक्सच्या तोंडाच्या दिशेला, कारण वजन पुढे झुकतं. पायावर वाळूची पिशवी. उचलायला दोन माणसं, आणि पोलची उंची ठरल्यावर आडवी पिन घालायचीच. नुसत्या पिळलेल्या स्क्रूच्या भरवशावर बॉक्स सोडायचा नाही. केबल बॉक्सवरून लोंबकळत न ठेवता पोलला बांधून खाली, आणि जमिनीवर टेप. पाठीमागच्या फिन्सना (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) हवा लागली पाहिजे, म्हणून बॉक्स पडद्याला किंवा भिंतीला टेकवून ठेवत नाही. उन्हात काळा बॉक्स भराभर तापतो आणि आतलं संरक्षण त्याचा आवाज कमी करतं किंवा बंदच करतं. लोक म्हणतात "स्पीकर बिघडला", तो बिचारा स्वतःला वाचवत असतो.

चालू करण्याचा क्रम: आधी मिक्सर आणि बाकी सगळं, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. नाहीतर मिक्सर चालू-बंद होतानाचा 'धप्प' पूर्ण ताकदीने बाहेर येतो.

आता लेव्हल. पाठीमागच्या नॉबला सगळे व्हॉल्यूम म्हणतात, पण तो व्हॉल्यूम नाही. किती व्होल्ट आत आले म्हणजे बॉक्स पूर्ण ओरडेल, एवढंच तो ठरवतो. मी असं करतो: इनपुटचा स्विच लाइनवर. मिक्सरमधून निघणारा व्यावसायिक लाइन सिग्नल ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्टच्या घरातला असतो आणि माइकचा काही मिलिव्होल्टचा. लाइनचा सिग्नल माइकच्या खाचेत घातला तर आवाज चिरकतो. मग स्पीकरचा नॉब पूर्ण खाली, मिक्सरवर एका नटाला खऱ्या जोरात संवाद म्हणायला लावून गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) बसवायचा, मेन फेडर (आवाजाची सरकपट्टी) शून्याच्या खुणेवर, मीटर शून्याच्या आसपास. इथपर्यंत हॉलमध्ये काहीच ऐकू येत नाही आणि दिग्दर्शक अस्वस्थ होतो, होऊ दे. नंतर स्पीकरचा नॉब हळूहळू वर, शेवटच्या रांगेत पुरेसं झालं की थांबायचं आणि नॉबवर टेप. पुढचं सगळं फेडरवर.

याचा फायदा तापलेल्या तालमीत कळतो. लिमिटचा लाल दिवा ढोलकीच्या थापेला क्षणभर लुकलुकला तर चालतं. तो सतत पेटून राहिला तर बॉक्समध्ये आणखी आवाज शिल्लकच नाही, फेडर वर नेऊन फक्त खरखर वाढेल. आणि मिक्सरच क्लिप होत असेल तर स्पीकरचा लिमिटर काही करू शकत नाही. वरून छाटलेला सिग्नल हळू वाजवला तरी छाटलेलाच राहतो.

बॉक्सवर लिहिलेल्या वॅटवर फार जाऊ नये. वॅट दुप्पट केले तर वाढतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. माहितीपत्रकातला मोठा आकडा एक मीटरवरचा असतो, म्हणजे १६ मीटरवर २४ डेसिबल कमी. बंद हॉलमध्ये भिंती थोडं परत देतात, पण शब्दांची स्पष्टता देत नाहीत. म्हणून टॉप पुढच्या डोक्यांच्या वर आणि तोंड मधल्या-शेवटच्या रांगांकडे, छताकडे नाही. सबने सुमारे १०० हर्ट्‌झच्या खालचं काम घेतलं की टॉपवरचं 'सब' प्रीसेट लावून त्यांचं तेवढं ओझं उतरवतो. सब कोपऱ्यात सरकवला तर भिंतींमुळे बास वाढतो. मला तो धपधपाट आवडत नाही, आमच्या ढोलकीवाल्याला आवडतो. सध्या सब मध्यावर आहे.

फीडबॅकवर, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून येणाऱ्या शिट्टीवर, लोक आधी इक्वलायझरला हात घालतात. मी तो शेवटी वापरतो. टॉप माइकच्या पुढच्या रेषेत, माइकचं तोंड स्पीकरकडे नाही, नको ते माइक म्यूट. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी यायच्या आधीची ३ डेसिबलची मोकळीक जाते. आणि नटाला सांगायचं, माइक जवळ धर. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात.

कानाचा हिशोब मी मिक्सरजवळ लिहून ठेवलाय. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची कामगारांसाठीची शिफारस ८५ डीबीएला (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) आठ तासांची आहे, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी सांगितलेली कमाल मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल. प्रेक्षक दूर असतात, पण टॉपच्या समोर उभं राहून पडदा ओढणारा पोरगा दूर नसतो. त्याची जागा बदलली आणि त्याला इअरप्लग दिले.

पुढच्या प्रयोगाला टॉप वर टांगू या, असं दिग्दर्शकाचं म्हणणं आहे. बॉक्सला टांगायला वेगळे एम-१० चे पॉइंट दिलेले आहेत. उचलायच्या हँडलला दोरी बांधायची नसते. पण छताची तुळई किती वजन पेलते हे मला माहीत नाही आणि दिग्दर्शकालाही नाही. हे काम रिगिंग जाणणाऱ्या माणसाचं, मूळ आधाराशिवाय वेगळी स्टीलची सेफ्टी दोरी लावून करायचं. असा माणूस येऊन छत बघेपर्यंत टॉप स्टँडवरच राहतील, असं त्याला सांगून टाकलंय.