हळदीच्या हंगामात अडलेला संगणक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की अडत दुकानातल्या संगणकाची खरी परीक्षा सुरू होते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पोत्यांचे वजन, मिळालेला दर, हमाली, तोलाई यांचा हिशेब लावून पट्टी छापायची असते आणि गावाकडे परतायच्या घाईत असलेली माणसे गादीसमोर बसून असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ज्या दुकानातून मला बोलावणे आले, तिथे एक पट्टी बाहेर पडेपर्यंत समोरच्या शेतकऱ्याचा चहा पिऊन होत असे.

दुकानात दोन संगणक शेजारी शेजारी होते. दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एच६१ चिपसेटच्या एकाच बनावटीच्या मदरबोर्डचे, दोन कोअरच्या, म्हणजे दोन स्वतंत्र गणनाभागांच्या, पेंटियम प्रोसेसरचे. दोन्हींत ४ जीबी रॅम, तीच हार्ड डिस्क आणि तीच ३२-बिट विंडोज ७. त्यातला एक व्यवस्थित चालत होता आणि दुसरा चालत नव्हता. मालक म्हणाले, “हे मशीन मोडीत काढा असं सगळेच सांगतात, पण त्याच्याच जोडीचं ते दुसरं कसं चालतं, एवढं काही कुणी सांगत नाही.” प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही असे आम्ही ठरवले.

दिवाणजींनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. डिसेंबरात कोणीतरी या मशीनला फॉरमॅट मारला होता, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने चढवली होती. त्यानंतर पंधरवडाभर ते उत्तम चालले आणि मग पुन्हा पूर्वीसारखेच झाले. आमच्या संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात फॉरमॅट हे सर्वरोगहारी औषध समजले जाते आणि त्याने बरे वाटले की निदान करण्याची गरज कोणाला वाटत नाही. मला मात्र तो पंधरवडाच संशयास्पद वाटला. व्हायरस म्हणावा, तर हे मशीन इंटरनेटला जोडलेलेच नव्हते. आणि नुसता भार वाढल्याने संथ होणारे यंत्र असे ठरावीक दिवसांनी एकाएकी कोसळत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा अर्धा भाग हिशेबाच्या डॉस प्रोग्रॅमने व्यापलेला दिसला. जुने डॉस प्रोग्रॅम कळ दाबली जाण्याची वाट पाहतानाही अखंड फिरत राहतात आणि विंडोजमधील एनटीव्हीडीएम, म्हणजे डॉस प्रोग्रॅम चालवणारा भाग, त्यांना एक पूर्ण कोअर देऊन बसते. पण शेजारच्या मशीनवरही नेमके हेच चालू होते, तेव्हा तो दोष बाजूला पडला. उरलेला वापर कोणत्याच प्रोग्रॅमच्या नावावर नव्हता. रिसोर्स मॉनिटर उघडल्यावर तो ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ या ओळीत, म्हणजे यंत्राचे भाग प्रोसेसरला मध्येच थांबवून जे काम देतात त्याच्या हिशेबात, सापडला आणि डिस्कवर एखादी मोठी फाइल उतरवू लागले की तो आकडा उसळी घेत असे.

यावरून डिव्हाइस मॅनेजरमधील आयडीई चॅनेलचे, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीच्या मार्गाचे, गुणधर्म पाहिले. चांगल्या मशीनवर ‘अल्ट्रा डीएमए’ लिहिलेले होते, बिघडलेल्यावर ‘पीआयओ’. डीएमए पद्धतीत डिस्कचा कंट्रोलर माहिती थेट रॅममध्ये नेऊन ठेवतो आणि प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओमध्ये मात्र प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो, आणि या पद्धतीची कमाल मर्यादाच सेकंदाला सुमारे १६.७ एमबी इतकी आहे. ही १९९० च्या दशकातील रीत आहे. डिस्ककडून आलेली माहिती तपासणीत वारंवार चुकीची ठरली की आयडीई ड्रायव्हर सावधगिरी म्हणून एकेक पायरी खाली उतरतो आणि शेवटी पीआयओवर येऊन थांबतो. पुढे सगळे सुरळीत झाले तरी आपणहून वर चढत नाही. फॉरमॅटनंतर त्याने सर्वांत वरच्या पायरीपासून नव्याने सुरुवात केली होती आणि चुका साठेपर्यंत पंधरवडा गेला होता.

चुका कुठून आल्या, हे हार्ड डिस्कच्या स्वतःच्या नोंदींत होते. ‘स्मार्ट’ या नावाने डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते, त्यांतील १९९ क्रमांकाची ओळ केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजदाद ठेवते. इथे ती हजारांत होती, खराब सेक्टरची नोंद मात्र शून्य. म्हणजे डिस्क निर्दोष, वाट खराब. कॅबिनेट उघडल्यावर हळदीची पिवळी पूड सर्वत्र बसलेली दिसली, पण ती दोन्हींत सारखीच होती. फरक डिस्क आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकाशी होता. तिथल्या संपर्कपट्ट्या काळवंडल्या होत्या. दिवाणजींना आठवले की ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हे मशीन मालकांच्या गावभागातील घरी होते. पाणी त्याला लागले नाही, माळ्यावर होते. परंतु त्या ओल धरलेल्या घरात ते नंतरही बराच काळ पडून राहिले आणि दिवाळीनंतर दुकानात आले.

केबल बदलणे हे मिनिटभराचे काम. मी तेवढ्यावर थांबलो नाही, कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅममध्ये, साटाची निवड ‘आयडीई’ अशीच राहिलेली होती. विंडोज एक्सपीच्या सीडीत एएचसीआय या साटाच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नसल्याने मदरबोर्ड बनवणाऱ्या अनेकांनी ही जुनी निवड मुळातच लावून ठेवली आणि विंडोज ७ आल्यावरही ती कोणी बदलली नाही. एएचसीआयमध्ये पीआयओपर्यंत घसरण्याची ती वाटच उरत नाही, शिवाय डिस्क एका वेळी ३२ पर्यंत मागण्या हाती घेऊन सोयीच्या क्रमाने पुरवू शकते. मात्र बायोसमधील निवड नुसती बदलली, तर विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवते. आधी विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही असलेल्या रजिस्ट्रीत ‘एमएसएएचसीआय’ सेवेची ‘स्टार्ट’ ही किंमत ३ वरून ० करावी लागते. त्या संध्याकाळी शेवटची पट्टी निघाल्यावर हिशेबाचे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले आणि मग हे दोन्ही बदल केले. तीच फाइल आता सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास उतरू लागली आणि ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ची ओळ तळाला गेली.

मालकांकडे ८ जीबी रॅम आणि नव्या विंडोजचे एक दरपत्रक आधीच येऊन पडलेले होते. त्यातील रॅमचा खर्च मी खोडायला सांगितला. हिशेबाचा प्रोग्रॅम १६-बिटांचा असल्याने ६४-बिट विंडोजवर तो चालणारच नव्हता, आणि ३२-बिट विंडोज ७ किंवा १० घेतली तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरता येत नाही. इंटरनेटवर विंडोज हलकी करण्याच्या ज्या लांबलचक याद्या फिरतात, त्यांत अ‍ॅनिमेशन बंद करा, अमुक सेवा थांबवा असे पुष्कळ असते. पण समोरच्या यंत्राबद्दल विंडोजची समजूत काय झाली आहे, हे आधी पाहा असे सहसा नसते.

विंडोज ७ ला मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपलेला होता, तरीही भर हंगामात ती बदलण्याचा धोका मी पत्करला नाही. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, दुकान बंद राहिले, आणि व्यवहार पुन्हा सुरू होण्यापूर्वी मिळालेल्या सवडीत दोन्ही मशीनवर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून ३२-बिट विंडोज १० चढवली, तीही एएचसीआय निवडूनच. डॉस प्रोग्रॅमसाठी एनटीव्हीडीएम वेगळे सुरू करावे लागले. काढलेली जुनी डिस्क मी बॅकअपसाठी त्याच मशीनमध्ये दुसऱ्या केबलवर जोडून ठेवली आहे. १९९ क्रमांकाचा आकडा केबल बदलली त्या दिवशी होता तेवढाच आहे.