बाबांचा जुना लॅपटॉप देण्याआधी

बाबांचा जुना लॅपटॉप मावसबहिणीच्या मुलाला द्यायचं ठरलं, बारावी झाली त्याची आणि प्रोग्रॅमिंग शिकायचंय. बाबा म्हणाले, "अगं घेऊन जा, सगळं डिलीट केलंय मी, रिसायकल बिन पण रिकामा केलाय." तरी मला राहवेना म्हणून फोटोरेक नावाचं, डिलीट झालेल्या फाइली परत काढणारं फुकटातलं सॉफ्टवेअर चालवलं, आणि जे बाहेर आलं ते बघून पोटात गोळाच आला.

फाइलींची नावं गेलेली, नुसतं एफ आणि पुढे आकडे. पण उघडली की आत सगळं आहेच, पॅन कार्ड, टॅक्सचे कागद, आईच्या ऑपरेशनच्या वेळचे रिपोर्ट. एका फोटोत वर आजीचा चेहरा आणि नाकापासून खाली नुसता राखाडी पट्टा, कारण तेवढ्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं होतं. आधारच्या स्कॅनवर मात्र काहीच लिहिलं गेलं नव्हतं, बाराच्या बारा आकडे स्वच्छ वाचता येत होते.

होतं काय की डिलीट केल्यावर विंडोज फक्त नोंद काढतं आणि ती जागा मोकळी आहे असं धरून चालतं. सोसायटीच्या खालच्या बोर्डावरून नाव पुसलं तरी वर माणूस राहतोच आहे, तसंच. डिस्क झटपट रिकामी करणाऱ्या क्विक फॉरमॅटचंही तेच. फुल फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून जुन्या माहितीवर खरोखर शून्यं लिहितं, त्याआधी विंडोज एक्सपीत तेही नव्हतं. अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, 2003 साली त्यांनी ते छापलं, चालणाऱ्या 129 डिस्कपैकी फक्त 12 नीट पुसलेल्या निघाल्या.

मला विंडोज तसंच ठेवायचं होतं, म्हणून आधी नवीन अकाउंट करून बाबांचं जुनं काढलं (ब्राउझरमधले पासवर्ड त्यातच असतात, हे विसरू नका) आणि मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून सायफर ही कमांड दिली, पुढे स्लॅश डब्ल्यू, कोलन आणि ड्राइव्हचं अक्षर. विंडोजमध्येच असते ती, आहे त्या फाइलींना हात लावत नाही, फक्त मोकळी जागा पुसते, एकदा शून्यं, मग एफएफ (म्हणजे सगळे एक), मग कुठलेही आकडे. काळ्या खिडकीत एकेक टिंब सरकत राहतं आणि ड्राइव्ह भरत भरत लाल होतो, घाबरू नका, शेवटी जागा परत मिळते. रात्री दहाला लावलं, सकाळी चहा ठेवला तेव्हा संपलं होतं.

पस्तीस वेळा पुसायला हवं असं अजून कोणी कोणी सांगतं. तो आकडा पीटर गुटमन यांच्या 1996 च्या पेपरमधला, जुन्या प्रकारच्या डिस्कसाठीचा, आणि आजच्या डिस्कला ते लागत नाही हे त्यांनीच नंतर लिहिलंय. साध्या हार्ड डिस्कला एकदा नीट पुसलं तरी पुरतं.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कचं, गणित वेगळं आहे आणि इथेच लोक फसतात. तिथे तुम्ही वरून लिहिता ते त्याच जागी पडेल याची खात्री नसते, आतला कंट्रोलर कुठल्या चिपवर काय ठेवायचं ते स्वतः ठरवतो, त्यामुळे सायफर चालवून उगाच डिस्क झिजते. एसएसडीला ती बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा, आणि नवीन मशीन घेतलं की पहिल्याच दिवशी बिटलॉकर (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी विंडोजमधली सोय) चालू करा, म्हणजे पुढे कोणी काही काढलंच तरी किल्लीशिवाय त्याला कचराच दिसेल.

सायफर झाल्यावर फोटोरेक परत चालवलं. विंडोजचे आयकॉन आणि वॉलपेपर निघाले, बाबांचं काहीच नाही. आजीचा तो अर्धा फोटो तेवढा आधी बाजूला काढून बाबांना पाठवला होता. पण पहिल्या वेळी फोटोरेकने काढलेल्या सगळ्या फाइली माझ्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर अजून पडून आहेत, आधारसकट, तेव्हा त्या डिलीट करून आज रात्री तिच्यावरही सायफर लावतेय.