वेचणीच्या दिवसांतलं लेकरू

कापसाची वेचणी सुरू झाली की दिवसभर गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, तिकडे हजेरीपटावर तिची गैरहजेरी लागत जाते. लगेच मायबापाला बोल लावू नका. वेचणीची मजुरी किलोवर. आई घरी बसली तर चूल पेटत नाही. ही गरिबी झाली. मदत दारात येऊनही लेकराची गरज पुन्हा पुन्हा टाळली जाते, ते दुर्लक्ष.

सगळ्यात घातक हलगर्जी देखरेखीची. फवारणीचं औषध बाजेखाली ठेवलेलं, उरलेलं पाण्याच्या बाटलीत काढलेलं. तहानलेलं लेकरू तीच बाटली तोंडाला लावतं. औषध मूळ डब्यातच, कुलपात हवं. पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका; डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. त्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. वावरातली बिनकठड्याची विहीरही तितकीच धोक्याची.

पोटाचं दुर्लक्ष दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर दिसू शकतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण, 12.5 च्या आत मध्यम. पण नुसत्या आकड्यावरून आईवर खेकसणं चूक. मागे जुलाब किंवा टीबीही असतो. अंगणवाडीताईनं समजावलं, गाडीची सोय झाली, तरी पोषण पुनर्वसन केंद्रात नेलंच नाही, तर ते उपचारातलं दुर्लक्ष.

भावनिक दुर्लक्ष सातबारा मोठा असलेल्या घरातही सापडतं, आणि तिथं कोणी विचारायला जात नाही. लेकरू पडलं तरी रडत नाही, कोणाकडे बघत नाही, किंवा अनोळखी माणसाला लगेच बिलगतं. असं वारंवार दिसलं तर चौकशी करा.

नोंद ठेवताना ‘आई बेफिकीर’ असं लिहू नका. तारीख, वेळ, दिसलं ते लिहा: ‘दुपारी दोन वाजता, दोन वर्षांचं मूल एकटं, दाराला बाहेरून कडी.’ आधी आशाताई, अंगणवाडीताई, ग्राम बाल संरक्षण समिती. धोका आत्ताचा असेल तर लेकरांसाठीची हेल्पलाइन 1098. फोन मोफत, रात्रीही लागतो. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 मध्ये ताब्यातल्या लेकराकडे मुद्दाम दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण एकट्या विधवा आईला पोलिसांचा धाक दाखवण्याआधी लेकराच्या सांभाळाला सरकारी मदत देणाऱ्या बाल संगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. तो जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो.