तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात दातांना तारा कशाला?

सोलापूरच्या नवी पेठेत साड्यांचं दुकान म्हणजे दिवसभर बोलणं. बोलताना तारा दिसतात आणि साडी बाजूला राहते. "अक्का, या वयात हे काय लावून घेतलंत?" मागोमाग दुसरा, "लावायच्याच होत्या तर न दिसणाऱ्या मिळतात की!"

पहिल्याचं उत्तर सोपं. खालचे दात एकमेकांवर चढले होते, घास अडकायचा, हिरड्या सुजायच्या. दातावर हलका पण सतत दाब ठेवला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं. हे 43 व्या वर्षीही होतं, फक्त हिरड्या धड हव्यात. माझे पहिले दोन महिने हिरड्यांच्याच उपचारात गेले.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. लोकांना वाटतं, धातूच्या तारा मिरवते म्हणजे बाई धीट. माझी मुलगी मानसशास्त्र शिकते, तिचंही तेच. स्वभाव पाच अंगांनी मोजतात म्हणे: मोकळेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि चिंता करणं. "आई, तू बहिर्मुख, म्हणून तुला लाज नाही." मी म्हटलं, तसं नाही गं, मी काटेकोरपणात नापास आहे.

न दिसणाऱ्या म्हणजे दातांवर बसवायच्या पारदर्शक ट्रे. त्या दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात ठेवायच्या असतात. खाताना काढायच्या, चूळ भरायची, परत घालायच्या. गरम चहालासुद्धा काढायच्या, आणि दुकानात चहा किती वेळा येतो ते मोजायची सोय नाही. यंदा मी तीन चष्मे हरवलेत. ट्रे मी कागदात गुंडाळून गल्ल्यावर ठेवली असती आणि झाडणाऱ्या पोरानं ती कचऱ्यात टाकली असती. शिवाय ट्रे घातलीच नाही तर दात जागचा हलत नाही. चिकटवलेल्या तारेला माझ्या स्वभावाशी काही घेणंदेणं नाही. मी झोपले तरी ती आपलं काम करते.

माझ्या जावेनं मात्र ट्रेच घेतल्या. ती बँकेत आहे, काउंटरला बसते. तिला तारांची लाज वाटली असं सगळे म्हणतात. थोडी वाटली असेलही. पण ती दुधाचा हिशोब गेली बारा वर्षं वहीत लिहिते. ट्रे तिलाच जमणार.

दातांच्या रंगाच्या सिरॅमिक तारा मी बघितल्या होत्या. पण त्यावरची पारदर्शक रबरं हळदीनं पिवळी पडतात, आणि आमटीशिवाय आमच्या घरी दिवस जात नाही.

त्रास सांगू? शेंगाचटणी तारांत जाऊन बसते ती ब्रशनंही निघत नाही. कडक भाकरी आमटीत चुरून, भिजवून खाते. तशी ती आधीही चुरूनच खायचो, पण भाकरीची एक कुरकुरीत कड मोडून तोंडात टाकायची मजा गेली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत एक चिक्की खाल्ली आणि तार धरून ठेवणारं, दातावर चिकटवलेलं एक ब्रॅकेट निखळलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

आता सहा महिने राहिलेत. मग तारा निघतील, पण दात परत जुन्या जागी सरकू नयेत म्हणून रिटेनर लावावा लागतो. "काढघाल करायचा हवा की आतून कायमचा चिकटवलेला?" असं डॉक्टरांनी परवा विचारलं. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. तेच म्हणाले, "चिकटवूया."