भिजलेल्या हंगामात सोयाबीनचा करार पूर्ण करताना

300 क्विंटलचा करार असेल तर खळ्यावर 300 क्विंटल माल असून भागत नाही. पावसात सापडलेल्या हंगामात बहुतेक शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या इथेच चुकतात. करारात लिहिलेलं वजन कोरड्या, स्वच्छ मालाचं असतं आणि खळ्यावरचा ढीग ओला असतो.

लातूर भागात प्लांटची, म्हणजे सोयाबीन गाळणाऱ्या कारखान्याची, नेहमीची अट हवा 10, माती 2, डाग 2 टक्के अशी असते. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा, डाग म्हणजे काळा पडलेला, खराब दाणा. मळणीला माल 18 टक्के हवेचा निघाला, तर 10 टक्क्यांवर आणताना क्विंटलमागे जवळपास 9 किलो पाणी उडून जातं. हिशोब सोपा आहे: 100 मधून 18 गेले, राहिले 82. तेवढाच कोरडा भाग वाळलेल्या मालात 90 टक्के असतो. म्हणून 82 ला 90 ने भागायचं, 91.1 किलो येतात. 300 क्विंटल द्यायचे तर खळ्यावर 329 हवेत. चाळणीत 2 टक्के माती-काडी आणि निवडताना 5 टक्के डागी माल बाहेर गेला, की आकडा 354 वर जातो. हा हिशोब मळणीच्या पहिल्या दिवशीच व्हायला हवा. गाडी भरताना तूट दिसली तर हातात काही उरत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: माल एकत्र करू नका. पाऊस सगळ्या रानाला सारखा लागत नाही. चिबाड, म्हणजे पाणी साचणाऱ्या पट्ट्यातल्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात, तर उताराच्या रानातला दाणा पिवळाधमक राहतो. बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लावली असेल तर तळाचा हात-दीड हात थर जमिनीची ओल ओढतो. ताडपत्रीखाली वरचा थर घामेजून काळपट पडतो. मधला माल आधी मळून वेगळा भरायचा आणि तळ व कडा शेवटी मळायच्या. एकदा सगळं एकाच ढिगात गेलं की दहा क्विंटल डागी माल शंभर क्विंटलचा भाव पाडतो, आणि तो परत वेगळा करायला स्पायरल या निवडणी यंत्रावर घातला तरी पूर्ण निघत नाही. स्पायरल गोल दाणा आणि चपटा-तुटका दाणा वेगळे करतं. गोल असूनही काळा पडलेला दाणा त्यातून चांगल्या मालातच जातो. तो फक्त डोळ्यांनी आणि हातांनीच निवडावा लागतो.

डागी माल थोडा थोडा मिसळून खपवायचा मोह होतो. गणितात ते बसतं: 1 टक्का डागाच्या आठ पोत्यांत 10 टक्के डागाचं एक पोतं टाकलं तर सरासरी बरोबर 2 येते. पण त्यासाठी माल खरोखर कालवावा लागतो. गाडीत मधेच एक खराब पोतं ठेवलं आणि नेमकी त्यातच परखी (नमुना काढायची टोकदार नळी) गेली, तर प्लांटवाला पूर्ण गाडी त्याच नजरेने बघतो. हवेच्या बाबतीत मात्र मिसळणं टाळाच. 15 टक्क्यांचा आणि 9 टक्क्यांचा माल समसमान मिसळला तर हवा मोजायच्या मीटरवर सरासरी 12 दाखवेल, पण ओला दाणा पोत्यात ओलाच बराच काळ राहतो, त्याच्याभोवती गरमी धरते आणि बुरशी सुरू होते.

मळणीची घाईही नडते. ओलसर शेंग फुटावी म्हणून ड्रमचे फेरे वाढवले जातात आणि दाण्याची डाळ होते. फेरे मिनिटाला 400 च्या आसपास ठेवावेत. शेंग फुटत नसेल तर एक ऊन देऊन थांबावं. वाळवताना थर दोन-तीन इंचांपेक्षा जाड नको, दर तासा-दोन तासाला दाताळ्याने फिरवायचं आणि ऊन कलायच्या आत गोळा करून झाकायचं. रात्रीचं दव दिवसभराची मेहनत खातं. गोळा केलेला गरम माल लगेच पोत्यात भरू नका. आतली वाफ पोत्यातच थंड होते आणि दाणा पुन्हा ओला होतो.

मीटरही फसवतो. उन्हातून उचललेल्या तापलेल्या दाण्याचं रीडिंग भरवशाचं नसतं. नमुना तासभर सावलीत ठेवा, वेगवेगळ्या पोत्यांच्या मधून काढा, तीनदा मोजा. गाडी भरण्याआधी दोन किलोचा नमुना हवाबंद डब्यात प्लांटवर नेऊन त्यांच्या मीटरशी ताडून बघा. अर्ध्या-एक टक्क्याचा फरक निघणं सर्रास आहे, आणि तो गेटवर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मीठ आणि दाणे घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर हवा 15 च्या वर आहे असं समजा.

आता कपातीचं कलम. इथे लोक न वाचताच सही करतात. माल 12 टक्क्यांवर दिला आणि 10 च्या वर टक्क्याला टक्का अशी वजनात कपात असेल, तर 100 किलोचे 98 किलोचे पैसे मिळतात. तोच माल 10 वर वाळवला तर 97.8 किलो उरतो. म्हणजे आणखी वाळवण्यात काहीच फायदा नाही, मजुरी मात्र जाते. पण टक्क्याला दीड अशी कपात असेल तर 97 किलोचेच पैसे मिळतात आणि वाळवणं परवडतं: 4,500 भावाने क्विंटलमागे सुमारे 35 रुपये, 300 क्विंटलला साडेदहा हजार. ऊन आणि मजूर दोन्ही मिळत असतील तरच, अर्थात.

हमीभावाच्या खरेदीचं गणित वेगळं. तिथे ओलाव्याची मर्यादा 12 टक्के आहे. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राने ही मर्यादा त्या हंगामापुरती 15 वर नेली. खाजगी कराराला अशी सवलत आपोआप लागू होत नाही. सरकारने ढील दिली म्हणून प्लांट देईल, या भरवशावर गाडी पाठवू नका.

आणि माल खरंच कमी पडला तर? करारात काय लिहिलंय ते बघा. नुसतं ‘300 क्विंटल सोयाबीन’ असेल तर तुमच्या रानात पिकलं नाही हे कारण चालणं कठीण. बाजारातून घेऊन द्या किंवा भावातला फरक भरा, असं खरेदीदार म्हणू शकतो. ‘अमुक गट नंबरमध्ये पिकलेलं’ असं लिहिलेलं असेल तर पीक बुडाल्याचा बचाव उभा राहतो. मात्र जेवढं पिकलं तेवढं द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये 1972 च्या सेन्सबरी विरुद्ध स्ट्रीट या खटल्यात शेतकऱ्याने आपल्या शेतातली 275 टन बार्ली विकण्याचा करार केला होता. पिकली 140 टनच, आणि भाव चढल्यावर ती त्याने दुसऱ्याला विकली. कमी पडलेल्या टनांसाठी त्याला जबाबदार धरलं नाही, पण 140 टन न दिल्याबद्दल धरलं. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याचं 56 वं कलम अशक्य झालेल्या कराराबद्दल आहे, पण नुसता भाव वाढला म्हणून करार अशक्य ठरत नाही.

म्हणून तूट दिसताच लेखी कळवा: किती एकर, किती निघालं, पंचनाम्याची प्रत, किती माल कधी देऊ शकतो. फोनवर बोलणं झालं तरी मेसेज पाठवून ठेवा. प्लांटला गाळपासाठी माल लागतोच. पंधरा दिवस आधी कळलं तर मुदतवाढ किंवा दोन हप्त्यांत देण्यावर बहुतेक जण तयार होतात. मुदतीच्या आदल्या दिवशी कळवलं तर कोणीच होत नाही.

गाडी जाताना गावच्या काट्यावर भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजन करून पावत्या जपा. 16 टनांच्या गाडीत 50 किलोची 320 पोती बसतात. प्रत्येक लॉटची पोती वेगळ्या रंगाच्या सुतळीने शिवली तर वाद झालाच तर तेवढाच लॉट बाजूला काढता येतो. प्रत्येक लॉटचा एक-एक किलोचा नमुना तीन पिशव्यांत सील करा, वर तारीख, गाडी नंबर आणि दोघांच्या सह्या घ्या. एक पिशवी प्लांटकडे, एक आपल्याकडे, तिसरी वाद झाल्यास तपासणीसाठी. पैसे खात्यावर जमा होईपर्यंत आपली पिशवी फोडू नका.